बाबा डायलिसिसला नको म्हणतात, घरातली सगळी अडकलीत. त्यांचं ऐकावं की हट्टाने न्यावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला नीट समजलाय का ते बघा. बाबा ६६ वर्षांचे, वाळपईच्या बाजूला घर आणि कुळागर (सुपारी-नारळाची बाग), शुगर वीसेक वर्षांची, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) ६.८ वर गेलंय. किडनीच्या डॉक्टरांनी हाताला फिस्टुला (डायलिसिसची सुई लावायला केलेली शिरेची जोडणी) करून घ्यायला सांगितलंय आणि बाबांचं एकच पालुपद, "म्हाका कोणाचेर ओझें जावपाचें ना," म्हणजे मला कुणावर ओझं व्हायचं नाही. भाऊ दुबईला आहे, तो किडनी द्यायला तयार पण वहिनी रडते. तुम्ही फोंड्याला, नोकरी आहे, मुलगा लहान. आई काही बोलत नाही. आणि शेवटी विचारलंय, की शरीर त्यांचं तर निर्णयही त्यांचाच म्हणून गप्प बसायचं, की उचलून न्यायचं.

मी डायलिसिस युनिटला सिस्टर म्हणून २१ वर्षं काढलीत, त्यातली शेवटची आठ इन-चार्ज. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं आणि रिपोर्ट याबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण मी पेशंटइतकीच त्यांच्याबरोबर येणारी माणसं बघितलीत, युनिटच्या दाराबाहेर एक लांब बाक असतो ना, त्याच्यावर चार चार तास बसलेली, कुणी डबा घेऊन, कुणी मोबाईलवर ऑफिसचं काम करत, कुणी भिंतीला डोकं टेकून झोपलेलं. जे सांगतेय ते बरंचसं त्या बाकावरून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट. तुम्हाला वाटतंय की प्रश्न जबरदस्ती की मोकळीक असा आहे, मला तो तसा वाटत नाही. बाबांनी निर्णय घेतलाय तो स्वतःच्या शरीराचा नाही घेतलेला, तुमच्या सगळ्यांच्या वतीने घेतलाय. "तुम्हाला त्रास नको" हे कारण आहे त्यांचं. पण तुम्हाला कशाचा त्रास होईल, किती होईल, कोण किती सोसू शकतो, हे त्यांनी कुणाला विचारलेलंच नाही. कुणी माणूस म्हणाला की मला सुया नकोत, मला मशीनवर जगायचं नाही, माझं झालं, तर ती वेगळी गोष्ट, ते मी मान खाली घालून ऐकते. पण कारणच जर घरच्यांचं दिलंय तर घरच्यांना बोलायचा हक्क आहे, नव्हे बोलायलाच हवं.

दुसरं म्हणजे बाबा "नको" हा एकच शब्द वापरतायत आणि त्या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी नाकारल्या जातायत. फिस्टुला वेगळा, मशीनचं डायलिसिस वेगळं, घरी पोटातून करायचं डायलिसिस वेगळं, मुलाची किडनी घेणं वेगळं, दुसऱ्या कुणाची घेणं वेगळं, आणि हे काहीच न करता औषधांवर आणि पथ्यावर राहणं हाही एक रस्ता आहे, तो काही पळपुटेपणा नाही. यातलं नक्की काय नको आहे ते एकेक करून विचारावं लागतं. माझ्या अनुभवात बाप लोक जेव्हा पाय घट्ट रोवून नको म्हणतात तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा मुलाची किडनी नको असते, आणि त्या भीतीपोटी अख्खा विषयच बंद करून टाकतात. तुमच्याकडे तसं असेल असं मी म्हणत नाही, पण विचारून बघा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण इथेच लोक एकमेकांचे अनुभव ऐकून फसतात. नुसत्या ६.८ वरून काहीच ठरत नाही. वय वगैरे धरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) किती, लघवी किती होते, पोटॅशियम किती, पायावर सूज आहे का, चालताना दम लागतो का, उलट्या, अन्नावरची वासना, आणि हार्ट कसं आहे, या सगळ्यावर ठरतं. ८० वर्षांचा, हार्ट कमजोर, अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर डायलिसिसने आयुष्य फारसं वाढेलच असं नाही, जे दिवस मिळतील त्यातले निम्मे इस्पितळात जातील, तिथे डॉक्टर स्वतःच म्हणतात की विचार करा. तुमचे बाबा अजून सकाळी कुळागरात जाऊन पाणी सोडून येतात असं तुम्ही लिहिलंय. तो फरक फार मोठा आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, की यांच्या बाबतीत डायलिसिस केलं तर पुढची दोन-तीन वर्षं कशी दिसतील आणि नाही केलं तर कशी दिसतील. आकडा नको, दिवस कसे जातील ते सांगा म्हणावं. चांगले डॉक्टर सांगतात, घाईत असतील तर वेगळी वेळ मागून घ्या.

नाही म्हटल्यावर काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण बाबांच्या डोक्यात चित्र असं असणार की नको म्हटलं म्हणजे आपण शांतपणे घरी राहू आणि एक दिवस जाऊ. तसं होऊ शकतं पण त्याला तयारी लागते. तयारी नसली की काय होतं ते मी खूपदा बघितलंय. पेडण्याकडचे एक गृहस्थ होते, अठ्ठावन्नचे. दोन वर्षं फिस्टुलाला नको म्हणत होते, बायको आणि मुलगा म्हणाले त्यांची इच्छा, आम्ही कशाला जोर करायचा. एका रात्री दोन वाजता छातीत पाणी भरलं, श्वास घेता येईना, १०८ ला फोन, इस्पितळात आणलं तेव्हा अर्धवट शुद्धीत. डॉक्टरांनी मुलाला विचारलं काय करायचं. बाप समोर तडफडतोय आणि मुलाच्या हातात पेन. त्याने सही केली. कुणीही केली असती. मानेतून कॅथेटर घालून त्याच रात्री डायलिसिस सुरू झालं, मग त्या कॅथेटरला एकदा इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप, परत ॲडमिट, आणि दोन महिन्यांनी शेवटी फिस्टुलाही झालाच. ते गृहस्थ मला नंतर म्हणाले, सिस्टर त्या रात्री मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, श्वासच नव्हता. पण मुलगा मात्र सावरला नाही. आधी बाबांचं ऐकलं तेही चुकलं आणि मग ऐकलं नाही तेही चुकलं, असं त्याला वाटत राहिलं, बाकावर बसून तो माझ्याशी हेच बोलायचा, महिनोन्‌महिने.

म्हणून फिस्टुलाबद्दल मी थोडी आग्रही आहे, ते सांगूनच टाकते. फिस्टुला म्हणजे मनगटापाशी किंवा कोपरापाशी शीर आणि रोहिणी जोडतात, जागा बधिर करून होणारं छोटं ऑपरेशन. ती शीर फुगून सुईला तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, शुगरवाल्यांना कधी जास्त लागतात, कधी पहिला फिस्टुला चालतच नाही आणि दुसरा करावा लागतो. म्हणून डॉक्टर आधीपासून मागे लागतात. पण फिस्टुला केला म्हणजे डायलिसिसला हो म्हटलं असं होत नाही. बाबांना हे बहुतेक कुणी सांगितलेलं नसणार. तो नुसता हाताला असतो, लागला तर वापरायचा, नाही लागला तर तसाच. त्यांना म्हणा, नको म्हणायचा तुमचा हक्क राहतोच, फक्त अर्ध्या रात्री मानेत नळी घालायची पाळी कुणावर यायला नको. आणि तोवर एक कराच, ज्या हाताने ते कमी काम करतात, म्हणजे बहुतेक डावा, त्या हाताला सलाईन, रक्त काढायची सुई, काहीच लावू द्यायचं नाही. लॅबवाल्यालाही सांगायचं.

आता हो म्हटलं तर काय होतं, तेही तितक्याच खरेपणाने सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला एकाच बाजूला ढकलल्यासारखं होईल. साधारण आठवड्यात तीनदा, दर वेळी चार तास मशीनवर. त्यात लावायचा-काढायचा वेळ, आणि वाळपईहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) म्हणजे एका बाजूचा दीड तास धरा, की दिवस गेला. घरी आल्यावर ते थकून झोपणार, दुसऱ्या दिवशी बरं वाटणार, तिसऱ्या दिवशी परत निघायचं. हे सुट्टी न घेता, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यातसुद्धा. पैशाचं म्हणाल तर गोव्यात सरकारी इस्पितळांत डायलिसिस मोफत मिळतं, आणि गोमेकॉलाच जावं लागतं असं नाही, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत आणि तालुक्याच्या काही केंद्रांतही सोय आहे, घराजवळ कुठे जागा मिळेल ते आजच विचारून ठेवा कारण वेळेवर स्लॉट मिळत नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलंय ना ते बघा, २०१६ ला ती योजना आली तेव्हा तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसांना ४ लाख अशी मर्यादा होती, सध्या काय चालतं ते इस्पितळाच्या काउंटरवर विचारा. त्यामुळे खरा खर्च मशीनचा होत नाही. खर्च होतो गाडीचा, रक्त वाढायच्या इंजेक्शनांचा, आणि सगळ्यात जास्त सोबत येणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या दिवसांचा, आणि हा शेवटचा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही म्हणून घरात कुणी तो मोजत नाही.

स्वयंपाकघरही बदलतं. पाणी मोजून, मीठ कमी, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, शहाळं बंद, केळी बंद, खारं नुस्तें (सुकी खारवलेली मासळी) आणि लोणची बंद. आपल्याकडे बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं, लोक चांगलं म्हणून आणतात, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, किडनीच्या माणसाला ते घातक, घरात असेल तर काढून टाका. आणि अजून एक, तुमच्या कुळागरात करमलांचं (स्टार फ्रूटचं) झाड असेलच. करमल किडनी गेलेल्या माणसाने अजिबात खायचं नाही, उचकी लागते थांबत नाही, भ्रम होतो, फिट्स येतात, जीवही जातो. बिमलांचा (बिलिंबी या आंबट फळांचा) रस कोलेस्टेरॉलला चांगला म्हणून कुणी पाजायला सांगितलं तर तेही नको, त्याच्यातल्या ऑक्सॅलेटने चांगल्या किडन्यासुद्धा गेलेल्या आहेत. आईंचे गुडघे दुखतात असं लिहिलंय, त्यांच्या दुखण्याच्या गोळ्या बाबा घेत नाहीत ना ते बघा. एकाच घरात एकाच डब्यातल्या गोळ्या दोघं घेतात हे मी कितीदा बघितलंय. त्या गोळ्या बाबांच्या उरल्यासुरल्या किडनीला संपवतील.

पोटातून करायचं डायलिसिस, सीएपीडी म्हणतात, त्याचा विचार केलाय का? पोटात एक नळी कायमची बसवतात आणि दिवसातून तीन-चार वेळा दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी काढायची, दर वेळी अर्धा तास जातो. इस्पितळात महिन्याला एखादी खेप. कुळागर सोडायला तयार नसलेल्या माणसाला हे बरं पडू शकतं. पण हात स्वच्छ ठेवायला आणि नीट बघायला घरात कुणीतरी पक्कं माणूस लागतं, निष्काळजीपणा झाला की पोटात इन्फेक्शन होतं. आणि ते पक्कं माणूस कोण, तर परत आईच. पिशव्यांचा खर्च वेगळा असतो, तो विचारून घ्या.

भाऊ आणि वहिनीबद्दल. वहिनींना कृपा करून स्वार्थी ठरवू नका, तुम्ही तसं लिहिलं नाही पण ओळींमधून थोडं तसं वाटलं. कायद्याने (१९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा) मुलगा जवळच्या नातेवाईकांत येतो, देऊ शकतो. एक किडनी दिल्यावर उरलेली काम वाढवून घेते, निरोगी दाता नेहमीसारखं जगतो, हे खरं आहे. पण त्याला ऑपरेशन आहे, काही आठवडे जड काम नाही, दुबईच्या नोकरीला सुट्टी मिळेल का, जन्मभर वर्षाला तपासणी, आणि मुख्य म्हणजे वडिलांना शुगर आहे. गोव्यात शुगर किती आहे माहीत आहे ना, २०२३ ला आयसीएमआरचा जो मोठा देशभराचा अभ्यास आला त्यात गोवा पहिल्या नंबरवर, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त. भावाला पुढे शुगर झाली तर त्याच्याकडे एकच किडनी असेल, ही वहिनींची भीती अगदी बरोबर आहे, आणि डॉक्टरही तरुण दात्याच्या बाबतीत हेच तपासून बघतात. आधी त्याची तपासणी होऊ द्या, काही वेळा तिथेच उत्तर मिळतं. तपासणीवेळी दात्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारतात, तेव्हा त्याला मनापासून नको वाटत असेल तर नाही म्हणायची मोकळीक असायला हवी, आणि घरच्यांनी त्याला नंतर "का नाही जमलं" म्हणून खोदायचं नाही. एक गोष्ट मला कायम खटकत आलीय तीही सांगते. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. मुलगा नको म्हटलं की सगळ्यांची नजर आपसूक आईकडे वळते, तिला कुणी विचारत नाही, ती नाही म्हणू शकेल अशी जागाच नसते. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका.

अजून एक, जे तुमच्या प्रश्नात नाही पण विषयाच्या पोटातलं आहे. आजाराची माहिती कुणाला सांगायची हाही निर्णयच असतो आणि तोही सगळ्या घरावर जातो. आमच्याकडे एक पेशंट होते, त्यांना पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होतात तो आनुवंशिक आजार, त्याच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी असते. त्यांनी घरी सांगितलंच नाही, मुलीचं लग्न ठरत होतं, नाव खराब होईल. डॉक्टरना सांगून ठेवलं नुसतं शुगरमुळे म्हणा. सहा वर्षांनी मुलीला बाळंतपणात बीपी वर गेलं तेव्हा सोनोग्राफीत गाठी दिसल्या. ती माझ्यासमोर बापाला म्हणाली, लग्नाचं सोडा बाबा, सहा वर्षं मी बीपी तरी बघितलं असतं. ते रडले. वाईट माणूस नव्हता तो, मुलीसाठीच लपवलं होतं. तुमच्या बाबांचं कारण शुगर आहे असं वाटतंय, तरी तुम्ही आणि भाऊ दोघांनी उपाशीपोटीची शुगर, बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन एवढं करून घ्या. या वर्षी, नंतर नव्हे.

आता कुळागराकडे येते, कारण तुम्ही लिहिलंय की बाबा म्हणतात माझ्या आजारपणात जमीन जायला नको, ती मुलांना राहायला हवी. ताई, आपण गोव्यात आहोत. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्याने, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी असते, आणि स्थावर विकायचं तर दोघांची सही लागते. म्हणजे बाबा जे वाचवतायत त्यातलं अर्धं आईचं आहे. ते विकायचं की ठेवायचं, कशासाठी विकायचं, यात आईचं मत कायद्यानेसुद्धा लागतं. मी वकील नाही, कागद बघून घ्या, पण घरात बोलताना ही गोष्ट बाबांना सौम्यपणे आठवून द्यायला हरकत नाही. त्यांना जमीन मुलांना ठेवायची आहे, आईला कदाचित नवरा ठेवायचा असेल. विचारलंय कुणी?

बोलायचं कसं, तर मी युनिटला येणाऱ्या घरांना जे सांगते तेच सांगते. सगळी एकदा बसा, भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, शुक्रवारी-शनिवारी रात्री जमेल. आधी बाबांना बोलू द्या आणि मधे तोडू नका. त्यांना विचारा सगळ्यात भीती कशाची वाटते. कधी कधी उत्तर अगदी वेगळंच येतं, एक आजोबा म्हणाले होते मला लघवीला बायकोने धरून न्यायला नको, एवढंच होतं त्यांचं. मग विचारा पुढच्या वर्षी काय काय करायचं आहे, कुळागर, नातवाची मुंज, चवथ, जे असेल ते. आणि विचारा काय झालं तर तुम्ही म्हणाल की आता पुरे. हे झाल्यावर बाकीच्यांनी एकेकाने सांगायचं, पण "आम्ही सगळं करू बाबा" असं नाही, त्या वाक्यावर कुठलाच बाप विश्वास ठेवत नाही. वार घेऊन सांगायचं. मी मंगळवारी सुट्टी टाकू शकते, शनिवारी जमेल, गुरुवारी अजिबात जमणार नाही. एका घरात धाकटा मुलगा म्हणाला होता गुरुवारी मी येणारच नाही, शिफ्ट आहे, आधी सगळ्यांना राग आला, पण त्यामुळेच गुरुवारसाठी शेजारचा रिक्षावाला ठरवला आणि ते वेळापत्रक चार वर्षं टिकलं. जी घरं सुरुवातीला सगळं करू म्हणतात ती तिसऱ्या महिन्यात मोडतात, आणि मग एकाच माणसावर येतं, बहुतेक वेळा बायकोवर नाहीतर सुनेवर.

बाबांसमोर एक मधला रस्ताही ठेवा. तीन महिने करून बघू, तीन महिन्यांनी परत बसू, तेव्हा तुम्ही बंद म्हणालात तर बंद. हे नुसतं समजूत घालायला बोलायचं नाही, खरोखर पाळायचं. शुद्धीत असलेला माणूस चालू उपचार थांबवायला सांगू शकतो. पुष्कळ जणांना असं सांगितल्यावर हो म्हणणं सोपं जातं, कारण भीती डायलिसिसची कमी आणि त्यात कायमचं अडकण्याची जास्त असते. माझ्याकडच्या काही जणांनी तीन महिन्यांनी थांबवलंही. बरेच जण राहिले.

आणि एवढं सगळं बोलून, सगळं ऐकून, बाबा तरी नको म्हणाले तर? तर नको. मग मी तुम्हाला सांगेन की ओढून नेऊ नका. पण मग ते नको नीट करायचं. डॉक्टरांना सांगून दम लागणं, खाज, उलट्या, बेचैनी यासाठी काय द्यायचं ते आधी लिहून घ्यायचं, पॅलिएटिव्हवाल्या (त्रास कमी ठेवणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरशी ओळख करून ठेवायची, रात्री दम लागला तर कुणाला फोन करायचा आणि कुठे जायचं नाही हे ठरवायचं. आणि लेखी करायचं. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल मान्य केलं आणि जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर सही केली की होतं. बरा न होणारा आजार असताना पुढे स्वतः बोलता आलं नाही तर आपल्याला काय नको ते त्यात लिहायचं, आपल्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं घालायची, एकापेक्षा जास्त घालता येतात. आपल्या गोव्यात मे २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात केली, तेव्हापासून इथे लोकांना निदान माहिती तरी झालीय. एक प्रत पंचायतीकडे जाते, एक डॉक्टरांच्या फाईलला लावा, आणि एक भावाला पाठवा. भावाला नक्की पाठवा. लांब असलेलं माणूस शेवटच्या दिवशी विमानातून उतरतं आणि विचारतं, तुम्ही काहीच कसं केलं नाही, आणि इथे वर्षभर झिजलेली आई आणि बहीण त्या एका वाक्याने मोडतात.

असं नीट केलेलं नको मी बघितलंय. ७९ वर्षांचे, हार्ट पंचवीस टक्केच चालत होतं, त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, लिहिलं, सह्या केल्या. पाचेक महिने घरी होते, मधे चवथ झाली, गणपतीवर टांगायची फळांची माटोळी त्यांनी खुर्चीत बसून बांधून घेतली. गेले ते घरीच. त्यांच्या पत्नी पंधरा दिवसांनी आमच्या युनिटला आल्या, फ्रिजमध्ये उरलेली रक्त वाढायची इंजेक्शनं बर्फाच्या पिशवीत घालून, कुणाला उपयोगी पडतात का विचारायला. शांत होत्या. आणि उलट, बाकावर बसणाऱ्या एक बाई होत्या, नवऱ्याला तीन वर्षं न चुकता आणलं त्यांनी, एक दिवस मी त्यांच्या पायाकडे बघितलं तर अंगठा काळा पडलेला. शुगर बघितली, ३८० च्या वर. त्यांना महिन्यापासून माहीत होतं पाय चिघळलाय. मी ॲडमिट झाले तर यांना कोण आणणार, म्हणाल्या. अंगठा काढावा लागला.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नात मला सारखं एकच वाक्य दिसतंय. "आई काही बोलत नाही." बाबांनी हो म्हटलं तरी ते आईवर येणार आणि नको म्हटलं तरी तिच्यावरच येणार. रात्री दोन वाजता त्यांच्या उशाला तीच असेल. ६१ वर्षांची, गुडघे गेलेली, आणि तिचं बीपी-शुगर शेवटचं कधी बघितलं हे तुम्हाला आत्ता सांगता येईल का? येत्या रविवारी वाळपईला जाल तेव्हा बाबांशी काही बोलायच्या आधी आईला घेऊन मागच्या दारी बसा, भाजी निवडताना वगैरे, आणि विचारा तिला काय हवंय. बाबांसाठी काय हवंय असं नका विचारू, ते ती लगेच सांगेल. तिला स्वतःला काय झेपेल आणि काय झेपणार नाही ते विचारा. पहिल्यांदा म्हणेल माझं काय, तुम्ही ठरवाल ते. तेव्हा उठू नका, बसून राहा.

ती काय म्हणाली ते मला कळवा, शक्य झालं तर पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि टू-डी इकोचा (हार्टच्या सोनोग्राफीचा) रिपोर्टही बघून लिहा, मग फिस्टुला कुठे, कधी, सीएपीडीचं काय, ते पुढचं बोलू. आणि तो डावा हात तेवढा आजपासून जपा.